धुराच्या बाजूने

नोकरीभर मला माझ्या नाकाचा पगार मिळाला. वाळूज एमआयडीसीतल्या एका बिअर कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होतो. प्रयोगशाळेत उपकरणांना तोटा नव्हता, पण तयार बिअर बाटलीत जाऊ द्यायची की नाही याचा शेवटचा निकाल चार-पाच माणसांच्या नाका-जिभेवर लागायचा आणि त्यांतला एक मी. जेवणाच्या सुट्टीआधी आम्ही एका बंद खोलीत बसायचो. त्या दिवशी सकाळपासून सिगारेट नाही, पान-तंबाखू नाही, अंगाला अत्तर नाही, न्याहारीत कच्चा कांदा नाही. समोर ग्लास, आणि ग्लासावर नाव नाही, नुसता आकडा.

आम्हाला तिथे बिअरचं कौतुक करायला बसवलेलं नव्हतं, खोट काढायला बसवलेलं होतं. लोण्याचा वास आला की डायअसेटिल, म्हणजे यीस्टने काम अर्धवट सोडलेलं. उकडलेल्या मक्याचा आला की डीएमएस, म्हणजे उकळण्यात कसर. ओल्या पुठ्ठ्याचा आला की माल शिळा झाला, कुठेतरी ऑक्सिजन शिरला. आणि या सगळ्यांत नाठाळ तो फिनॉल. लवंगेच्या अंगाने आला तर रानटी यीस्टची घुसखोरी. डेटॉलच्या, मलमपट्टीच्या खोलीच्या अंगाने आला तर पाण्यातलं क्लोरीन कोळशाच्या फिल्टरमध्ये पूर्ण अडलेलं नाही आणि त्याची माल्टमधल्या फिनॉलशी गाठ पडलेली आहे. ही गाठ अब्जात काही भाग एवढीशी असली, तरी सरावलेलं नाक तिला पकडतं. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही एकच शब्द लिहायचो, ‘फिनॉलिक’. तो लिहिला की टाकी थांबायची. मग कोणाचं किती नुकसान झालं, हे विचारायला वरचे साहेब खाली यायचे.

अशा माणसाचं धुरकट स्कॉचबद्दल काय मत असणार? माझं मत स्पष्ट होतं आणि ते मी लपवूनही ठेवलं नव्हतं. हा सरळसरळ दोष आहे. तो साहेबाच्या देशातला असल्यामुळे त्याला गुण म्हणायची रीत पडली आहे, एवढंच. लग्नाच्या आदल्या रात्री, निवृत्तीच्या पार्टीत, सिडकोतल्या मित्रांच्या गच्चीवर हे मी अनेकांना ऐकवलं आहे. महागड्या बाटलीवर खूश असलेल्या माणसाचा चेहरा पाडण्यात एक आनंद असतो, तोही घेतला आहे. आता मत बदललं म्हटल्यावर त्यांच्यातलेच काही म्हणाले, तोंडी नको, लिहून द्या. तर हे घ्या.

आमच्या शहराची आणि मद्याची गोष्ट बाहेरच्यांना विचित्र वाटते. पाहुणे वेरूळ-अजिंठ्याला येतात, बिबी का मकबरा बघतात, नान-खलिया खातात, गुलमंडीवर इमरती घेतात आणि जातात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींकडे कोणी फिरकत नाही. पण फॉस्टर्स, कार्ल्सबर्ग अशा परदेशी नावांची बिअर याच छत्रपती संभाजीनगरच्या पाण्यावर तयार होत आली. पाणी म्हणजे जायकवाडीचं, पैठणच्या नाथसागराचं. एक लीटर बिअरला धुण्या-पुसण्यासकट चार-पाच लीटर पाणी लागतं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हा हिशेब कोणीतरी कधीतरी मांडणारच होतं. तो २०१६ च्या उन्हाळ्यात मांडला गेला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, जायकवाडीत मृतसाठ्यातून उपसा चालू होता, आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं. त्या दोन-तीन महिन्यांत रिक्षावाल्याने ‘साहेब, कुठे असता कामाला?’ विचारलं की मी ‘वाळूजला, कंपनीत’ एवढ्यावर थांबायचो.

हे इथे सांगण्याचं कारण आहे. माझ्या निर्दोषपणाच्या हट्टाला त्या उन्हाळ्याने आणखी धार आली. ज्या पाण्यावर गावाचा डोळा आहे त्याची तुम्ही बिअर करता, तर निदान ती बिनचूक करा. अशी ती माझी समजूत होती, किंवा समजूत घालणं होतं म्हणा. म्हणून मुद्दाम धूर कोंडून धान्य खराब करायचं आणि वर त्याचे दुप्पट पैसे लावायचे, हा प्रकार मला जवळजवळ अनैतिक वाटायचा.

निवृत्तीनंतरच्या एका दिवाळीला भाचा ग्लासगोहून आला. तो तिकडे नोकरी करतो. सुटकेसमधून त्याने बाटली काढली, तिच्या लेबलवर वाऱ्याने केस-दाढी पिंजारलेला एक म्हातारा. ‘बिग पीट’ तिचं नाव. डग्लस लेंग ही १९४८ पासूनची ग्लासगोची कंपनी ती काढते, आर्डबेग, कल ईला, बोमोर अशा आयला बेटावरच्या डिस्टिलऱ्यांची माल्ट व्हिस्की एकत्र करून. मद्यार्क ४६ टक्के. भाचा म्हणाला, ‘मामा, तुमचं मत ठाऊक आहे. पण शिवी देण्याआधी वास तर घ्या.’

घेतला. बूच निघालं तेव्हाच खोलीत डेटॉल, आयोडीन, जळकं डांबर. ‘फिनॉलिक,’ मी म्हटलं. ‘टाकी थांबवा.’ सगळे हसले, भाच्याने बाटली शोकेसमध्ये ठेवली आणि विषय तिथे संपला असता. पण भाऊबीजेला मेहुणा आला. तो पैठणकडे शेती करतो, गळ्यात माळ, दरसाल वारी. त्याला बायकोने गंमत म्हणून बाटलीचा किस्सा सांगितला. पिण्याचा प्रश्नच नव्हता, पण वास घ्यायला माळ आडवी येत नाही, असं म्हणत त्याने बूच काढून नाकाशी धरलं. जरा वेळ धरलं. मग म्हणाला, ‘दाजी, दवाखाना कसला हो? आगटी हाय ही. हुरड्याची आगटी.’

मी ते हसण्यावारी नेलं. पौषात त्याच्या शेतावर हुरड्याला गेलो तेव्हा मात्र ते वाक्य पुन्हा वर आलं. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, आरात खुपसलेली गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं. कणीस काढायचं, राख झटकायची आणि गरम असतानाच दोन्ही तळव्यांमध्ये चोळायचं. हिरवे दाणे मोकळे होतात आणि तळवे काळे पडतात. दाणे गोड, वर शेंगदाण्याची चटणी. खाऊन झाल्यावर मी सहज तळवा नाकाशी नेला. नोकरीची सवय, दुसरं काय. धूर, राख, थोडं डांबर, आणि तळाशी औषधी असं काहीतरी, चुकायला वावच नव्हता. हा ग्लास कारखान्यात समोर आला असता तर मी शेऱ्यात काय लिहिलं असतं, ते मला तिथेच कळलं. आणि हा वास नसलेला हुरडा, म्हणजे कुकरमध्ये वाफवलेले ज्वारीचे कोवळे दाणे, मी ताटात सरकवून ठेवले असते, हेही कळलं.

घरी येऊन मी माझ्या पद्धतीने, म्हणजे रसायनाच्या बाजूने, शोध घेतला. धुराच्या वासातला एक मोठा मानकरी म्हणजे ग्वायाकॉल. वनस्पतीच्या काष्ठभागात लिग्निन असतं, ते जळताना हा तयार होतो. आमच्या बिअरमध्ये लवंगेचा वास आणणारं ४-व्हिनाइल ग्वायाकॉल हे याच्याच कुळातलं. म्हणजे ज्याला मी जन्मभर गेटवर अडवलं, त्याच्याच घराण्याशी ही सोयरीक निघाली. गोवरी म्हणजे काय? जनावराने खाल्लेला पण पुरता न पचवलेला कडबा. आणि पीट म्हणजे काय? दलदलीने गिळलेलं पण पुरतं न कुजवलेलं गवत, शेवाळ, झुडपं. स्कॉटलंडच्या थंड, पाणथळ माळावर ते वर्षाला साधारण एखादा मिलिमीटर या गतीने साचत जातं. आयलासारख्या वाऱ्याच्या बेटावर झाडं कमी, सरपणाची वानवा, म्हणून लोकांनी पायाखालचीच जमीन विटांसारखी कापली, वाळवली आणि चुलीत घातली. आमच्याकडे ज्वारीच्या शेतात लाकूड महाग आणि शेण फुकट, म्हणून गोवऱ्या. दोन्ही ठिकाणी चवीचा विचार कोणी केलेला नव्हता. जे जळण हाताशी होतं ते वापरलं, धान्याला वास लागला, आणि पुढच्या पिढ्यांना त्या वासाशिवाय ते धान्य गोड लागेना.

व्हिस्कीत हा धूर नेमका कुठे शिरतो, याबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. पाण्यात पीट असतं म्हणून वास येतो, असं पुष्कळजण ठणकावून सांगतात. खरं काम भट्टीवर होतं. बार्ली भिजवून मोड आणतात. मोड जागच्या जागी थांबवायचा तर ती वाळवावी लागते. जाळीदार जमिनीवर ओली बार्ली पसरायची आणि खालून पीटचा धूर सोडायचा. धान्याचं टरफल ओलं आहे तोवर धूर त्याला चिकटतो. एकदा ते कोरडं झालं की पुढे कितीही धूर द्या, फारसा लागत नाही. किती लागला ते दशलक्षात किती भाग फिनॉल या मापाने मोजतात. टॅलिस्करचा आकडा विशीच्या आसपास, कल ईला आणि लॅगावूलिनचा पस्तिशीच्या, आर्डबेगचा पंचावन्नच्या. पार्ट्यांमध्ये हे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे फेकले जातात. पण हा आकडा माल्टमधला आहे, बाटलीतला नव्हे. दळणं, भिजवणं, आंबवणं, दोनदा ऊर्ध्वपातन या वाटेवर त्यातला बराच धूर गळतो. जड फिनॉल ऊर्ध्वपातनाच्या उत्तरार्धात येतात, त्यामुळे भट्टीवरच्या माणसाने धार कुठे तोडली यावर पुष्कळ काही ठरतं. कल ईला आणि लॅगावूलिन या दोघांना माल्ट पोर्ट एलनच्या एकाच माल्टघरातून येतं, धुराचा आकडाही जवळपास तोच. तरी एक हलकी, खारट, लख्ख. दुसरी जड आणि गोडसर. आमच्या खात्यात असं झालं असतं तर चौकशी बसली असती. तिथे त्याची दोन वेगळी लेबलं होतात.

इथे माझं मत हललं. धूर मला आवडू लागला म्हणून हललं असं नव्हे, ते नंतर झालं. मला जे आधी दिसलं ते हे की, मी ज्याला गुणवत्ता म्हणत होतो ती फक्त दोषांची गैरहजेरी होती. कालच्या बाटलीसारखी आजची बाटली, आजच्यासारखी उद्याची. कुठे वास नाही, कुठे खाच नाही. हे काम अवघड आहे, त्याची मला लाज नाही, लाखो बाटल्यांचा कारखाना याच शिस्तीवर चालतो. पण ज्यात काहीच वावगं नाही ते चांगलंच असतं, हे मी धरून चाललो होतो. याच्याविरुद्धचा पुरावा माझ्या टेबलावर आधीपासून पडलेला होता. जर्मनीतल्या बव्हेरियाची गव्हाची बिअर घ्या. तिच्यात लवंगेचा वास नसेल तर तिथला माणूस ती परत करतो. त्यासाठी खास यीस्ट वापरतात. प्रशिक्षणात हे आम्हाला एका ओळीत सांगितलं होतं, मी ते वहीत उतरवलंही होतं, आणि पान उलटलं होतं. तोच रेणू वाळूजमध्ये गुन्हेगार आणि म्युनिकमध्ये जावई.

मग बिग पीट पुन्हा काढली. यावेळी खोट शोधायला नव्हे. आधी फार धूर, हे खरंच. धुराच्या भिंतीवर नाक आपटतं आणि पुढचं काही कळत नाही. पण नाकाचा एक स्वभाव असतो. एका वासाची त्याला काही मिनिटांत सवय होते आणि तो वास मागे सरतो. ग्लास खाली ठेवला, जरा गप्पा मारल्या, पुन्हा घेतला. आता धुरामागे गोडवा होता, भाजलेल्या धान्याचा, मागे लिंबाची साल, आणि जिभेच्या कडेला मीठ. चमच्याने थोडं पाणी घातलं तर धूर कमी होण्याऐवजी वर आला. हे मला चमत्कारिक वाटलं, पण त्याला आधार आहे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी २०१७ मध्ये संगणकावर व्हिस्कीचं प्रारूप करून दाखवलं की मद्यार्काचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल तर ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, म्हणजे नाकाच्या वाटेवर. ५९ टक्क्यांच्या वर गेलात की तो आत बुडी मारतो. थोडं पाणी घातलं की गुप्त असलेला हजर होतो. फक्त हे पाणी नळाचं नको. क्लोरीन आणि फिनॉल यांची गाठ पडली की काय होतं, हे वाळूजने मला शिकवलेलं आहे. ते प्रकरण मी घरात पुन्हा उघडणार नाही. फिल्टरचं पाणी, तेही थेंबाथेंबाने. बर्फ मी घालत नाही. गार झालेल्या ग्लासातून वास उठतच नाही, मग एवढा धूर कोंडण्याचा खटाटोप त्यांनी कशाला केला?

आता दुसरी गाठ, आणि ती माझ्यापेक्षा माझ्या मित्रांची जास्त आहे. ‘ब्लेंडेड’ म्हटलं की आमच्याकडे नाक मुरडतात. सिंगल माल्ट म्हणजे खानदानी, ब्लेंडेड म्हणजे भेसळीच्या शेजारची. याचा दोष त्यांच्याकडे नाही, आपल्या बाजाराकडे आहे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणारा बराचसा माल उसाच्या मळीच्या मद्यार्कावर उभा असतो, त्यात थोडं माल्ट, थोडं आयात स्कॉच. युरोपच्या नियमात तर मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणताच येत नाही. त्यामुळे मिसळलं म्हणजे पातळ केलं, हे समीकरण डोक्यात पक्कं. स्कॉटलंडमध्येही ब्लेंडेड स्कॉच म्हणजे माल्टमध्ये दुसऱ्या धान्याची हलकी व्हिस्की घातलेली. पण ब्लेंडेड माल्ट हा तिसराच प्रकार. त्यात सगळं माल्टच, फक्त दोन किंवा अधिक डिस्टिलऱ्यांचं. पूर्वी त्याला व्हॅटेड माल्ट किंवा प्युअर माल्ट म्हणत. २००३ मध्ये कार्डू या सिंगल माल्टला स्पेनमध्ये एवढी मागणी आली की माल पुरेना. मालक कंपनीने त्यात इतर डिस्टिलऱ्यांचं माल्ट घालून, नाव-बाटली जवळपास तीच ठेवून, ‘प्युअर माल्ट’ म्हणून विकायला सुरुवात केली. बाकीचे उत्पादक खवळले, कंपनीला माघार घ्यावी लागली, आणि अखेर २००९ च्या स्कॉच नियमांनी हे दोन्ही शब्द हद्दपार करून ‘ब्लेंडेड माल्ट’ हे एकच नाव ठेवलं. बिग पीटही त्याच वर्षीची.

आमचे एक प्राध्यापक मित्र सिंगल माल्टशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी मी माझ्या जुन्या धंद्यातली त्रिकोणी चाचणी घरी मांडली. तीन ग्लास, दोनांत एकच माल, एकात वेगळा, वेगळा ओळखा. ग्लासांवर आकडे टाकण्याचं काम बायकोकडे, म्हणजे मलाही उत्तर ठाऊक नाही. एका बाजूला प्राध्यापकांनी आणलेली टॅलिस्कर, दुसऱ्या बाजूला जॉनी वॉकर ग्रीन लेबल, म्हणजे टॅलिस्कर, कल ईला, लिंकवुड आणि क्रॅगनमोर यांचा पंधरा वर्षांचा मेळ. प्राध्यापकांनी वेगळा ग्लास अचूक ओळखला. त्यांचं नाक चांगलं आहे, हे कबूल. मग त्यांना विचारलं, आता यातला सरस कोणता? त्यांनी ग्रीन लेबलकडे बोट केलं. आकडे उघड झाल्यावर ते थोडा वेळ बायकोकडे संशयाने बघत राहिले. नंतर म्हणाले, ‘पण त्यात टॅलिस्कर आहेच ना.’ हा युक्तिवाद मला अजूनही उलगडलेला नाही.

मला स्वतःला तो मेळ का भावला, हे सांगता येतं. टॅलिस्कर मिरीसारखी झोंबते आणि तशीच झोंबत राहते. मिश्रणात ती झोंबते, पण मागून लिंकवुडचं हिरवं, फुलांचं अंग तिला आवरतं, कल ईलाचा धूर शेवटी येतो आणि रेंगाळतो. धुराचं प्रमाण कुठे थांबवायचं, हे इथे कोणीतरी ठरवलेलं आहे. एका भट्टीच्या नशिबावर सोडलेलं नाही. मास्टर ब्लेंडर नावाचा तो माणूस शेकडो पिंपांचे नमुने नाकाने तपासतो. त्याचं नव्वद टक्के काम नाकाचं, जिभेचं थोडं. आमच्या खोलीतल्या माणसांचा तो थोरला भाऊ, फक्त त्याच्या रकान्यात ‘टाकी थांबवा’ याऐवजी ‘हे त्यात किती’ असं लिहायचं असतं. ते काम मला कधी कोणी दिलं नाही, आणि दिलं असतं तर त्यावेळी मला जमलंही नसतं.

काही मतं बदललेली नाहीत, तीही सांगून टाकतो. ‘समुद्रकाठच्या ओल्या दोरखंडाचा गंध’ वगैरे वर्णनं वाचून मला अजून हसू येतं. दोरखंड हुंगलेला माणूस मला प्रत्यक्ष भेटलेला नाही. किमतीवरून चव ठरवणारे मला आवडत नाहीत. आणि व्हिस्की धुरकट असो की फुलांची, पंधरा वर्षांची की तीन, यकृताला तिच्यातलं इथेनॉल तेवढं कळतं. मराठवाड्यातल्या बायकांनी उभी बाटली आडवी करण्यासाठी, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी, मतदान केलेलं आहे, आणि त्या मतपेटीत ब्लेंडेड माल्टसाठी वेगळा रकाना नव्हता, नसावाही. आपला कायदा तर मुळात १९४९ चा दारूबंदीचा कायदा. त्याच्याखाली पंचविशी ओलांडल्यावर परवाना काढून प्यायची, म्हणजे बंदीच्या आत राहून प्यायची. माझा परवाना पाकिटात असतो, आजवर कोणी मागितलेला नाही.

भारतातही आता चांगली धुरकट माल्ट होतात. बंगळुरूच्या अमृतने स्कॉटलंडहून धुरावलेली बार्ली मागवून आपल्या बार्लीबरोबर ‘फ्यूजन’ काढली, गोव्यात पॉल जॉन आहे. आपल्या उन्हात पिंपातून दरवर्षी दहा-बारा टक्के माल उडून जातो, तिकडे दोन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे इथली व्हिस्की लवकर पिकते आणि फार काळ ठेवली तर पिंप रिकामं मिळतं. पण धूर अजून तिकडचाच. मेहुण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हंजी धूर बी फॉरेनचा? आन् आमच्या गवऱ्यांला काय झालं?’ प्रश्न अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. गोवऱ्यांच्या धुरात क्रेसॉल या आणखी एका फिनॉलची बाजू जरा जड पडेल, असा माझा अंदाज आहे, शिवाय अन्नसुरक्षावाले परवानगीसाठी किती हेलपाटे घालायला लावतील ते वेगळंच. पण कोणी लहान भट्टीवर करून पाहिलीच, तर चाखायला मी वाळूजपर्यंत स्वतःच्या खर्चाने येईन. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवून.

तोवर बाटली परदेशीच. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं तेव्हा ग्रीन लेबल माझ्यासारख्या निवृत्ताच्या आवाक्याच्या जरा जवळ आली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार कराराची सही झाली, त्यात सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचं आहे. प्राध्यापक म्हणतात, थांबा, स्वस्त होईल. डॉक्टरांनी माझ्या गोळ्यांची यादी पाहून जे माप ठरवून दिलंय, त्या मापाने शोकेसमधली बाटली पुढच्या दिवाळीपर्यंत पुरते. चाळीस टक्क्यांची वाट प्राध्यापकांनी बघावी, ते माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत.